जुना अ‍ॅम्प्लिफायर घेताना पेटी उघडून पाहा

आम्ही उचगावचे कापडवाले. तागा आधी उलगडला होता की नाही, हे आम्ही घडीवरून ओळखतो. पण भाच्याच्या ऑर्केस्ट्रासाठी जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर घेताना वरची चमक पाहूनच पैसे मोजले. घरी कारागिराने पेटी उघडली, तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार! मुलाच्या जिवावरच बेतले असते. तेव्हा शिकलो ते सांगतो.

स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील, तर पेटी अनेकदा उघडली आहे. जुन्या मंद सोल्डरिंगमध्ये एखादा चकचकीत जोड, वेगळ्या रंगाची वायर, पत्र्याला नवे भोक, ही फेरफाराची खूण. मूळ सर्किटचा नकाशा मिळवून ताडून पाहा. अमेरिकेचा माल बहुधा १२० व्होल्टचा, आपली लाईन २३०ची. ट्रान्सफॉर्मर बदलला आहे का, ते विचारा. अर्थिंगची पिन कापलेली असेल, तर ती जोडल्याशिवाय वापरू नका.

वॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बंद केल्यावरही कंडेन्सरात शेकडो व्होल्ट राहू शकतात. म्हणून जाणत्या कारागिरानेच पेटी उघडावी.

जुने कंडेन्सर बदलले असतील, तर ते चांगलेच. मात्र काय काय बदलले, हे विकणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्या. ऐब सांगून केलेला सौदाच खरा.