डोकेदुखीचं खापर डाळीवर फोडू नका

'डॉक्टर, स्टीलची भांडी माळ्यावर टाकली, डाळ-शेंगदाणे सोडले, तरी डोकं दुखतंच!' ही तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते. मोबाइलवर कुणीतरी 'अन्नातलं निकेल डोकं दुखवतं' म्हणून सांगतं आणि दुसऱ्या दिवशी घरातली आमटी बंद होते.

निकेलची ॲलर्जी असते, पण ती बहुतेक वेळा आधी कातडीवर दिसते. खोट्या कानातल्यांनी कानाची पाळी चिघळते, जीन्सच्या बटणाखाली खाज सुटते. अशांपैकी काहींना कोको, काजू, सोयाबीन, ओट्स, डाळी जास्त खाल्ल्यावर पुरळ उठतं, पोट फुगतं, क्वचित डोकंही दुखतं. डोकेदुखीबाबतचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. त्वचेचा काहीच त्रास नसेल, तर आधी दुसरी कारणं शोधा.

चाळिशीतल्या एक ताई आल्या होत्या. डाळी बंद, हिमोग्लोबिन 8, पर्समध्ये वेदनाशामक गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या स्ट्रिप्स. रोज एक तरी गोळी चालूच! साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. त्यात शरीरात लोह कमी असलं की आतडी निकेल जास्त शोषतात. म्हणजे डाळी सोडून लोह आणखी घटायचं, पथ्यानंच घात! शिवाय कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात त्या चिंचेचं सार करत होत्या. त्यात तांबं उतरतं, मळमळ होते. गोळ्या हळूहळू सोडवल्या, लोह सुरू केलं, आमटी परत ताटात आली. त्यांना आराम पडला.

शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर 48 तास पट्ट्या ठेवतात, मग निकाल वाचतात. केस पाठवून केलेल्या 'धातू तपासणी'वर पैसे घालवू नका. 'धातू बाहेर काढणारी' अनोळखी भस्मं तर मुळीच नकोत. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडला आहे, आणि शिशाच्या विषबाधेत डोकं दुखतं.

घाबरू नका, बहुतेक डोकेदुखी धोक्याची नसते. पण डोकं एकाएकी असह्य दुखलं, सोबत ताप आणि मान आखडणं, बोबडी वळणं, हातापायातली शक्ती जाणं, नजर धूसर होणं असं काही झालं, किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर प्रथमच दुखणं सुरू झालं, तर लवकर तपासून घ्या.

एरवी महिनाभर वहीत लिहा: डोकं कधी दुखलं, काय खाल्लं, झोप किती झाली, गोळ्या किती घेतल्या. ती वही घेऊन या. डाळ सोडायची की नाही, ते त्यानंतर ठरवू.