मनीचे दिवस

आमच्या रात्रीच्या वर्गाला शेजारच्या आक्का येतात. वय सत्तरीच्या पुढे. पण पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. २०२४ सालच्या नवरात्रात त्या दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, आम्हीच त्यांच्या घरी गेलो.

आक्का कणगीपाशी बसल्या होत्या. समोर पोत्यावर त्यांची मांजर, मनी, पडली होती. तिचे पोट टरारले होते.

"आक्का, वर्गाला का येत नाही?" आम्ही विचारले.

"गुरुजी, मनीचं काही खरं नाही," आक्का म्हणाल्या. "दिवस कधीच भरले. अजून विईना. पिल्लं पोटातच मेली असली, तर ही पण जाईल."

आक्कांची काळजी खोटी नव्हती. मनी म्हणजे त्या घरच्या धान्याची राखण. पूर्वी घरात मांजर नव्हते, तेव्हा उंदरांनी ज्वारीची दोन पोती नासली होती. आणि नातवाचा तर मनीवर भारी जीव. शाळेतून आला की आधी मनी, मग भाकरी.

घरात सल्ले पुष्कळ जमले होते. एक जण म्हणाला, एरंडेल पाजा. एकीने सांगितले, पोट चोळून खाली दाबा. आक्कांचा मुलगा तर पायांत चपला घालत होता. "म्हशीला देतात ती सुई आणतो. लगेच मोकळी होईल," तो म्हणाला.

आम्ही म्हणालो, "जरा थांबा. आधी सांगा, दिवस किती झाले?"

"आषाढी एकादशीच्या सुमाराला बोका आला होता," आक्का म्हणाल्या.

"छे! ते पोळ्याला," मुलगा म्हणाला.

आक्कांच्या हिशेबाने ८३ दिवस झाले होते. मुलाच्या हिशेबाने ३६. आता खरे कोणाचे धरायचे?

तेवढ्यात सूनबाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. सूनबाई आमच्याच वर्गात लिहायला शिकल्या. कॅलेंडरवर त्या रोजचा दुधाचा हिशेब लिहितात. २ ऑगस्टच्या चौकटीत दुधाखाली लिहिले होते, "मनी गेली." ६ ऑगस्टच्या चौकटीत लिहिले होते, "मनी आली." त्या चार दिवसांत पोराने रडून घर डोक्यावर घेतले होते. म्हणून त्यांनी ते सहज लिहून ठेवले होते.

आम्ही सर्वांनी मिळून हिशेब केला. ६ ऑगस्टपासून महिनाअखेर २५ दिवस. सप्टेंबरचे ३०. ऑक्टोबरचे ८. झाले ६३. आता २ ऑगस्टपासून मोजू. २९ अधिक ३० अधिक ८. झाले ६७.

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात. कोणी दोन-चार दिवस आधी विते, कोणी दोन-चार दिवस उशिरा. मांजर माजावर आली की बरेच दिवस माजावर राहते. त्यात बोक्याशी अनेकदा संग होतो. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे बाहेरून कळत नाही. म्हणून एक तारीख पुरत नाही. गेली ती तारीख आणि आली ती तारीख, दोन्ही लिहाव्या.

म्हणजे मनीचे दिवस उलटले नव्हते. ते आत्ता कुठे भरत आले होते.

पण आम्ही पडलो मास्तर, डॉक्टर नव्हे. आम्ही मुलाला गुरांच्या दवाखान्यात फोन करायला सांगितले. डॉक्टरांनी दोन्ही तारखा विचारून घेतल्या. मग विचारले, मनी खाते का? पाणी पिते का? अंग तापले आहे का? खालून घाण वासाचे काही जाते का? मनी खात होती, पीत होती. बाकी काही नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "मग काही पाजू नका. सुई तर मुळीच नको. पिल्लू आडवे असले आणि सुई दिली, तर पिशवी फाटते. पोट दाबू नका. अंधारी, शांत जागा द्या. जुने सुती कापड अंथरा. ७० दिवस उलटले तर मात्र घेऊन या. आणि कळा सुरू झाल्या की घड्याळ बघा. जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, तर थांबू नका."

सूनबाईंनी हे सगळे कागदावर लिहून घेतले.

१० ऑक्टोबरच्या रात्री मनीला कळा आल्या. सूनबाई कंदिलासारख्या जाग्या. नऊ वाजता पहिले पिल्लू आले. साडेनऊला दुसरे. दोन्ही वेळा त्यांनी कागदावर लिहिल्या. दहा वाजता मनी पुन्हा जोराने कळा देऊ लागली. पिल्लू मात्र येईना.

आक्का म्हणाल्या, "रात्रीचं कुठं जायचं? सकाळी बघू."

सूनबाईंनी कागद पुढे धरला. "आत्याबाई, दहाला कळा लागल्या. आता साडेदहा झाले. हे बघा, लिहिलं आहे."

आक्कांनी कागद हातात घेतला. अक्षरे जुळवून वाचला. मग मुलाला म्हणाल्या, "काढ गाडी."

डॉक्टरांना फोन केला. मनीला आणि दोन्ही पिल्लांना टोपलीत कापडावर ठेवून मोटारसायकलने तालुक्याला नेले. एक पिल्लू आडवे अडकले होते. डॉक्टरांनी ते काढले. ते मेलेले निघाले. त्याच्या मागून आणखी एक आले, ते जिवंत होते. सकाळपर्यंत थांबला असता, तर मनी हाती लागली नसती, असे डॉक्टर म्हणाले.

एक पिल्लू गेले याचे घरात सर्वांना वाईट वाटले. पण मनी वाचली. तिची तीन पिल्ले वाचली.

आता विचार करा. पहिल्या वेळी घरातले लोक घाई करत होते. लिहिलेल्या तारखेने ती घाई थांबवली. दुसऱ्या वेळी तेच लोक उशीर करत होते. लिहिलेल्या वेळेने तो उशीर थांबवला. आठवण माणसाच्या भीतीप्रमाणे लांबते आणि आखडते. लिहिलेले आहे तिथेच राहते.

दसऱ्यानंतर आक्का वर्गाला आल्या. पाटी पुढे ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, मला आधी महिन्यांची नावं लिहायला शिकवा."

ध्यानात ठेवा

१. मांजरीला ७० दिवस उलटले तर डॉक्टरांना दाखवा.
२. जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, तर लगेच न्या.
३. पिल्लू येण्याआधीच हिरवे किंवा घाण वासाचे पाणी गेले, लाल रक्त वाहत राहिले, किंवा मांजर खाईना, उठेना, तर दिवस मोजत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.
४. माणसांच्या गोळ्या मांजराला देऊ नका. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे.
५. अर्धवट बाहेर आलेले पिल्लू जोराने ओढू नका.

घरच्या जनावरांचे दिवस (साधारण)

मांजर : ६४
शेळी : १५०
गाय : २८०
म्हैस : ३१०

प्रश्न

१. आक्का आणि त्यांचा मुलगा यांच्या हिशेबात किती दिवसांचा फरक होता?
२. सूनबाईंनी दोन तारखा लिहिल्या. एकच लिहिली असती तर काय अडचण आली असती?
३. तुमची शेळी १ जूनला फळली, तर ती कोणत्या महिन्यात विईल? मोजून लिहा.
४. तुमच्या घरच्या कॅलेंडरवर आज एक नोंद करा. उद्या वर्गात वाचून दाखवा.