खेळण्यातला संगणक

सन २००१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘एक्सबॉक्स’ नावाचे एक यंत्र विक्रीस आणले. ती काळी, अवजड पेटी दूरचित्रवाणी संचाला जोडावी, तबकडी आत सारावी आणि पडद्यावरील खेळ खेळावेत, एवढाच तिचा उपयोग कंपनीला मुख्यत्वे अभिप्रेत होता. परंतु पेटीच्या अंतरंगात सेकंदाला ७३ कोटी ३० लाख ठोके देणारा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती आणि माहिती साठविणारी हार्ड डिस्क असा सर्व सरंजाम होता. तो पुरता संगणकच होता. मात्र त्याला कुलूप घातलेले होते. कंपनीने मान्य न केलेली कोणतीही आज्ञावली तो चालू करीत नसे.

या कुलपामागे व्यापाराचे गणित होते. यंत्र विकताना तोटा सोसावयाचा आणि तो खेळांच्या विक्रीतून भरून काढावयाचा, असा बेत होता. तेव्हा कंपनीचा विचार अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. तथापि पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा उपयोग कसा करावा, हे विकणाऱ्याने ठरवावे की घेणाऱ्याने, हा प्रश्न उरतोच.

अँड्र्यू हुआंग हा तरुण त्या वेळी मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत संशोधन करीत होता. त्याने पेटी उघडली. कुलपाचे रहस्य एका चिपमध्ये अवघ्या ५१२ बाइटांत दडविलेले होते व ते बाहेरून वाचता येत नव्हते. पण यंत्र सुरू होताना तीच माहिती एका चिपकडून दुसरीकडे तांब्याच्या बारीक रेषांवरून धावत असे. हुआंगने त्या रेषांना स्वतः बनविलेले एक लहानसे मंडल जोडले आणि धावती माहिती टिपून घेतली! मे २००२ मध्ये त्याने हा शोध निबंधरूपाने प्रसिद्ध केला. पुढे कुलूप उघडण्याच्या आणखीही युक्त्या निघाल्या. काहींनी त्यांच्या साहाय्याने खेळांच्या चोरट्या प्रती चालविल्या, हेही खरे.

काहींची दृष्टी मात्र वेगळी होती. निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी मिळून ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ ही आज्ञावली रचली. २००४ साली तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. घरातील दुसऱ्या संगणकावर साठविलेले चित्रपट, गाणी व छायाचित्रे आता ही पेटी बैठकीच्या खोलीत दाखवू लागली.

तिच्या शक्तीला अर्थात मर्यादा होती. चित्रपट साठविताना त्यातील माहिती दाबून लहान केलेली असते. ती उलगडण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. अशी २५ चित्रे दर सेकंदाला दाखवावयाची, म्हणजे एक कोटीहून अधिक बिंदू झाले. एवढे ओझे पेटी पेलीत असे. पुढे १,९२० गुणिले १,०८० बिंदूंची स्पष्ट चित्रे आली. हे बिंदू बरोबर पाचपट होतात. तेथे तिचा निभाव लागेना.

तेव्हा आज्ञावलीनेच घर बदलले. २००७ पासून ती इतर संगणकांसाठी लिहिली जाऊ लागली. २०१० मध्ये तिच्या मूळ कर्त्यांनी एक्सबॉक्सचा नाद सोडला आणि २०१४ मध्ये तिचे ‘कोडी’ असे नामकरण झाले. बिजागरी मोडल्यामुळे अडगळीत पडलेला लॅपटॉपही तिला चालतो. त्यातील धूळ झाडून तो दूरचित्रवाणीमागे ठेवला, की तो गाणी ऐकवू लागतो.

जुन्या पेट्याही अनेकांनी जपल्या आहेत. तीत घड्याळाची वेळ राखण्यासाठी एक लहान कपॅसिटर बसविलेला असतो. तो कालांतराने गळतो व त्याचा द्राव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. जाणकार माणसे वीज तोडून पेटी उघडतात, तो कपॅसिटर काढून टाकतात आणि द्राव पुसून घेतात. त्यानंतर वीज गेली की पेटीला वेळेचे विस्मरण होते. बाकी ती पूर्ववत चालते.