गुडघ्याची दुखापत, मित्रांची सोबत आणि पुन्हा सायकल



आजचा पाठ सायकलवर आहे, पण सायकल शिकण्यावर नाही. गुडघ्याला दुखापत झाल्यावर पुन्हा सायकलवर कसं बसायचं आणि त्यात मित्रांचं काम काय, यावर आहे. कबड्डी, खो-खो, शेतातला बांध, ओल्या फरशीवर घसरलेला पाय, कारण काहीही असू शकतं. दुखापत शिक्षकांना होते, पालकांना होते आणि आपल्या वर्गातल्या मुलामुलींनाही होते. औषध, पट्टा, शस्त्रक्रिया हे डॉक्टर सांभाळतात. मात्र "आता मी मित्रांसोबत पुन्हा फिरायला जाऊ का?" हा प्रश्न बहुतेक वेळा घरी, शाळेत किंवा चहाच्या टपरीवर सुटतो, आणि तिथेच चुकतोही.

या पाठातला मुख्य मुद्दा आधीच सांगतो : सोबत निघालेल्या सगळ्यांची गती दुखऱ्या गुडघ्याने ठरवायची, सगळ्यांच्या गतीने गुडघ्याला ओढायचं नाही.

१. गुडघा समजून घेऊ

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे मिळतात तो गुडघा. समोर वाटी असते. दोन हाडांच्या मध्ये चकतीसारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. आतमध्ये एकमेकांना छेद देणारे दोन मजबूत दोर असतात, तेच क्रुसिएट लिगामेंट. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळलं की यातला पुढचा दोर किंवा गादी फाटू शकते. कबड्डीत चकवा देताना नेमकं हेच होतं.

दुखापतीनंतर आणखी एक गोष्ट घडते. मांडीचा पुढचा स्नायू फार लवकर बारीक होतो. काही आठवड्यांच्या विश्रांतीतच दोन मांड्यांच्या जाडीत फरक दिसायला लागतो. म्हणून "दुखणं थांबलं" आणि "गुडघा तयार झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. सायकलच का?

सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर साधारणपणे शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. जिना उतरताना तो आणखी वाढतो. हलक्या हाताने चालवलेल्या सायकलवर तो एका वजनाच्या आसपास राहतो, कारण आपलं बरंच वजन सीटवर असतं. शिवाय पाय एकाच रेषेत फिरतो, पीळ बसत नाही. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट व्यायामाची जागेवरची सायकल बऱ्यापैकी लवकर सुरू करायला लावतात.

पण इथेच एक फसगत आहे. समजा पुढचा दोर तुटला आणि शस्त्रक्रिया करून नवा बसवला. पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरते, दुखणं कमी होतं, माणसाला वाटतं की आपण ठणठणीत झालो. आत मात्र तो नवा दोर याच काळात नाजूक असतो, कारण शरीर त्याला हळूहळू आपलासा करत असतं. अशा रुग्णांना रस्त्यावरची सायकल साधारण तीन महिन्यांच्या सुमारास मिळते, तर कबड्डीसारख्या खेळासाठी नऊ महिने किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. म्हणजे सायकल जमली म्हणून मैदान जमेल असं नाही. नेमकी तारीख ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

३. रस्त्यावर येण्याआधीची तपासणी

डॉक्टरांनी होकार दिल्यावरही घरी एवढं बघून घ्या :

- गुडघा सुमारे ११० अंशांपर्यंत वाकतो का? पायडलची पूर्ण चक्कर मारायला साधारण तेवढं वाकणं लागतं.
- अर्धा तास न लंगडता चालता येतं का?
- कठड्याला न धरता जिना उतरता येतो का?
- दुखऱ्या पायावर काही सेकंद तोल सांभाळून उभं राहता येतं का? समोर अचानक गाय आली तर तोच पाय जमिनीवर टेकवावा लागेल.

एकाही प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर जागेवरची सायकल आणि व्यायाम चालू ठेवा. रस्ता कुठे पळून जात नाही.

४. सीटची उंची : पाच मिनिटांचं काम

आपल्याकडे सायकल विकत घेतल्या दिवशी सीट जिथे असते तिथेच वर्षानुवर्षं राहते. घरात तीन माणसं एकच सायकल वापरतात, पण पाना कुणी घेत नाही. सीट खाली असली तर गुडघा जास्त वाकतो, वाटीवर दाब वाढतो आणि समोर दुखतं. फार वर असली तर पाय ताणला जाऊन गुडघ्याच्या मागे दुखतं.

सोपी रीत अशी : सीटवर बसा, भिंतीचा आधार घ्या, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक येतो. तेवढा बाक योग्य.

दुसरी गोष्ट चढण्या-उतरण्याची. चालत्या सायकलवर टांग टाकून बसायची आपल्याला सवय असते. त्या क्षणी सगळं वजन एका पायावर असतं आणि शरीर वळत असतं, म्हणजे दुखापत झाली होती तीच अवस्था. सुरुवातीचे दिवस सायकल उभी करून, बाजूला झुकवून बसा. घरात मधला दांडा नसलेली सायकल असेल तर तीच घ्या, लाज कसली?

५. गणिताच्या तासाला घेण्यासारखा भाग

समजा साध्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत, मागच्याला १८, आणि चाकाचा परीघ २.२ मीटर आहे. पायडलच्या एका चक्करीत सायकल ४४ ÷ १८ × २.२ = सुमारे ५.४ मीटर जाते. वर्ध्याहून सेवाग्राम साधारण ८ किलोमीटर. म्हणजे जाताना सुमारे १,५०० चकरा, जाऊन-येऊन ३,०००. प्रत्येक गुडघा ३,००० वेळा वाकणार आणि सरळ होणार! मुलांना हा आकडा स्वतः काढू द्या. "आठच तर किलोमीटर आहे" या वाक्याचा अर्थ त्यांना लगेच कळतो.

आता मागचं फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवलं तर एका चक्करीत ४.४ मीटरच जाईल. चकरा वाढल्या, पण प्रत्येक चक्करीचा जोर कमी झाला. बऱ्या होणाऱ्या गुडघ्याला हेच हवं असतं : जास्त चकरा, कमी जोर. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर ठेवा. उभं राहून पायडल मारणं आणि उड्डाणपुलावर दम लावणं सध्या बंद.

६. टप्पे

पहिला टप्पा : जागेवरची सायकल, ५ ते १० मिनिटं, भार जवळजवळ नाहीच.

दुसरा टप्पा : शाळेचं मैदान किंवा कॉलनीतला रिकामा रस्ता. छोट्या छोट्या चकरा.

तिसरा टप्पा : एका मित्रासोबत ३ ते ४ किलोमीटर, एक दिवसाआड.

चौथा टप्पा : सगळ्यांसोबत सेवाग्राम किंवा धाम नदीकाठचं पवनार.

एका टप्प्यातून दुसऱ्यात कॅलेंडर बघून जायचं नाही, गुडघा बघून जायचं. त्यासाठी २४ तासांचा नियम ठेवा. चालवताना दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवशी होता तसाच असावा. सूज मोजायला शिंप्याची टेप पुरते : वाटीच्या थोडं वर दोन्ही पायांचा घेर मोजा आणि वहीत लिहा. सूज वाढली तर एक टप्पा मागे. अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची.

गुडघा मध्येच अडकला, एकदम सटकला, लाल आणि गरम झाला, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर घरी न थांबता दवाखाना गाठा.

७. मित्रांचा धडा

दुखापतीत लिगामेंट तर तुटतंच, पण सकाळची सोबतही तुटते. पाच-सहा जण पहाटे निघतात, चहा घेऊन परत येतात, आणि एक जण तीन-चार महिने दारातून बघत राहतो. त्यामुळे परतायची घाई गुडघ्याला नसते, मनाला असते. अशा वेळी मित्र प्रेमानेच म्हणतात, "अरे चाल ना बे, काही नाही होत!" आणि हा माणूस मागे पडू नये म्हणून जोर लावतो. दुखलेलं सांगत नाही.

यावर उपाय म्हणजे आधीच ठरवलेले साधे नियम :

- सर्वांत हळू चालवणारा पुढे. बाकीचे त्याच्या मागे. तो मागे असला की धापा टाकत पोचतो, आणि तो पोचताच बाकीचे निघतात. त्याला विश्रांती मिळतच नाही.
- सरळ लांब जाण्याऐवजी घराजवळ चकरा. सेवाग्रामच्या दारात गुडघा दुखला तर अजून अर्धा रस्ता शिल्लक असतो. चकरांमध्ये केव्हाही थांबता येतं.
- "मी इथून परत जातो" असं कुणी म्हटलं तर एक जण सोबत परतेल, आणि त्यावर थट्टा होणार नाही.
- ज्यांना वेग हवा त्यांनी वेगळा दिवस ठेवावा.
- चहाला सगळ्यांनी थांबायचं. ज्याने आज सायकल काढली नाही त्यालाही चहाला बोलवायचं.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. सोबत कायम आहे हे कळलं की घाई आपोआप कमी होते.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. मुलांना हे जरूर सांगा, अभिमानाची गोष्ट आहे. पण एवढ्या लांबच्या शर्यतीत एकटा माणूससुद्धा एकटा नसतो, त्याच्यामागे गाडीतून चालणारी मदतनीसांची टीम असते, हेही सांगा.

८. आपल्या जिल्ह्यासाठी काही सूचना

वर्ध्याचा भाग बराचसा सपाट, ही गुडघ्यासाठी चांगली गोष्ट. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे सूर्य वर यायच्या आत परत या. पावसाळ्यात काळी माती चाकाला आणि चपलेला सारखीच चिकटते. घसरलेला पाय सावरताना गुडघा पुन्हा पिळला जातो, म्हणून त्या दिवसांत पांदण टाळा. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, आणि ट्रकची वर्दळ असलेले मोठे रस्ते सुरुवातीला नकोच.

९. शाळेत काय करता येईल?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार, म्हणजे नई तालीम, देशापुढे आला. सायकल, पाना आणि टेप घेऊन घेतलेला तास त्याच वाटेवरचा आहे.

- विज्ञान : पायडल, चेन आणि गुडघा यांतील तरफ आणि कोन ओळखा.
- गणित : आपल्या सायकलचे दाते मोजून घर ते शाळा किती चकरा होतात ते काढा.
- भाषा : दुखापतीतून परतलेल्या मित्राला पत्र लिहा. "लवकर ये" हे शब्द न वापरता!
- परिसर : गावातून सायकलने शाळेत येणाऱ्या एखाद्या मुलीचा पाय दुखावला, तर महिनाभर ती शाळेत कशी येईल? गटात चर्चा करा आणि उत्तर फळ्यावर लिहा.

पालकांना एक विनंती. मूल म्हणालं, "आज नको, गुडघा दुखतोय," तर आधी दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघा, मग बोला. आणि मूल म्हणालं, "मित्र माझ्यासाठी हळू चालवतात," तर त्या मित्रांना एकदा घरी जेवायला बोलवा.