आगोटीची बेगमी आणि साठवणुकीचे शास्त्र

वैशाख सरत आला, की कोकणातील घराघरांतून एकच लगबग सुरू होते. अंगणात तांदूळ, कुळीथ व मिरच्यांची वाळवणे पडतात. आंब्याची साठे आणि फणसपोळ्या उन्हात सुकत असतात. माजघरात लोणच्याच्या बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या दिसतात, तर पडवीत लाकूडफाटा व शेणी रचल्या जातात. या साऱ्या तयारीला कोकणात ‘आगोट’ असे नाव आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आगोट भरून झाली, की घर पावसाला सामोरे जाण्यास मोकळे झाले, असे मानण्याचा प्रघात आहे.

या प्रथेमागे भूगोल आहे. सह्याद्री आणि समुद्र यांमधील या चिंचोळ्या पट्टीत वर्षाचा बहुतेक पाऊस अवघ्या चार महिन्यांत कोसळतो. ओढे-नाले भरले, की वाडी-वाडीचा संबंध तुटतो. समुद्रही या काळात बंद असतो. १ जून ते ३१ जुलै या मुदतीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असल्यामुळे सुकट, बोंबील व सोडे यांचे डबे मे महिन्यातच भरून ठेवावे लागतात.

रस्ते झाले, पूल झाले, कोपऱ्यावर दुकान आले आणि शीतकपाट घरात आले, तशी आगोट मागे पडू लागली. ‘हवे तेव्हा आणता येते, मग साठवायचे कशाला?’ असा प्रश्न नव्या पिढीने विचारणे स्वाभाविकच होते. या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांतील आपत्तींनी दिले आहे. २६ जुलै २००५ रोजी महाड पाण्याखाली गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावांत आगोट पुरती भरूनही झाली नव्हती. विजेचे खांब कोसळल्यामुळे शीतकपाटे कित्येक दिवस नुसती कपाटे होऊन राहिली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठच बुडविली. ज्या दुकानावर भिस्त होती, ते दुकानच पाण्यात गेले.

तेव्हा घरात साठा हवा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि साठा घरात असणे आणि तो वेळेवर खाण्याजोगा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या बेगमीचे नियम जुन्या भांड्यांशी बांधलेले होते. आज भांडी बदलली, मिठाचे प्रमाण बदलले, पण नियमांचा फेरविचार मात्र झाला नाही, आणि खरा धोका येथेच आहे.

कणगीकडून पिंपाकडे

बांबूच्या तट्ट्याची, शेणमातीने लिंपलेली कणगी किंवा भाताच्या पेंढ्यात बांधलेली तांदळाची मुडी ही साधने हवा पूर्णपणे अडवीत नाहीत. धान्यात थोडाफार ओलावा राहिला, तर तो हळूहळू बाहेर पडण्यास वाट मिळते. उंदीर-घुशींचा उपद्रव आणि पावसाळी दमट हवा हे या साधनांचे दोष खरेच. ते टाळण्यासाठी पत्र्याच्या कोठ्या आल्या. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने मातीच्या दोन भिंतींमध्ये पॉलिथिनचा कागद घालून केलेली ‘पुसा कोठी’ सुचविली. पुढे घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची पिंपे घरोघर पोहोचली. या बंद भांड्यांत बाहेरचा ओलावा आत जात नाही हे खरे, परंतु आतला ओलावाही बाहेर पडत नाही. अर्धवट वाळलेले धान्य कणगीत एखादे वेळी निभावून जाईल. पिंपात ते गरम होते, त्याला कुबट वास येतो आणि दाण्यांवर बुरशी धरते. भांडे जितके बंद, तितके धान्य अधिक कोरडे असावयास हवे. तृणधान्यात सुमारे १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा नसावा. भुईमुगासारख्या तेलबियांत तो याहूनही कमी, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास असावा लागतो.

बुरशीकडे केवळ नासाडी म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीची विलक्षण साथ उद्भवली. मका हे तेथील मुख्य अन्न. कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला आणि भिजलेली कणसे नीट न वाळविताच साठविली गेली. त्यांवर वाढलेल्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण केले होते. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. घरातील उष्टे खाणारे कुत्रेही त्याच लक्षणांनी आजारी पडले, आणि रोग माणसांच्या संसर्गाचा नसून अन्नातला आहे, या निदानास त्यामुळे बळ मिळाले. हे विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. काळपट वा हिरवट बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा मक्याचे दाणे धुऊन-भाजून वापरणे ही काटकसर नव्हे.

धान्य पुरेसे वाळले की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. काचेची कोरडी बाटली घेऊन तिच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत धान्य भरावे, त्यात दोन-तीन चमचे पूर्ण कोरडे मीठ घालावे, झाकण लावून चांगले हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ बाटलीच्या कडांना चिकटले, तर धान्यात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे. मीठ मोकळे राहिले, तरी बंद पिंपासाठी आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. दाण्याचा दाताखाली ‘कट्ट’ असा आवाज व्हावा, ही जुन्या बायकांची कसोटीही टाकाऊ नाही. आणखी एक चूक नेहमी होते. उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच पिंपात भरले, तर आतल्या वाफेचे पाणी होऊन ते झाकणाखालच्या थराला भिजविते. धान्य सावलीत पूर्ण निवू द्यावे आणि मगच भरावे.

सोंडे आणि भुंगे यांसाठी डाळी-कडधान्यांना किलोमागे लहान चमचाभर खाद्यतेल वा एरंडेल चोळणे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे, हे उपाय घरगुती साठ्यापुरते पुरेसे आहेत. एके काळी घरगुती कोठ्यांसाठी इथिलीन डायब्रोमाइडच्या कुप्यांची शिफारस होत असे; पुढे हे रसायन आरोग्यास घातक ठरले आणि देशात त्यावर बंदी आली. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांना तो जाग येण्याचीही संधी देत नाही.

बरणीचा पहारेकरी

लोणच्याची बरणी वर्षभर टिकते ती चिनी मातीमुळे नव्हे, की तोंडाला बांधलेल्या दादऱ्यामुळेही नव्हे. तिचे रक्षण मीठ आणि आंबटपणा करतात. वरचा तेलाचा थर हवा अडवितो. फोडींच्या वजनाच्या १५ ते २० टक्के मीठ हे जुने प्रमाण उगाच ठरलेले नाही. आज रक्तदाबाच्या विचाराने मीठ कमी करण्याकडे कल आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने तो योग्यही आहे. मात्र कमी मिठाचे लोणचे हे आगोटीचे लोणचे राहत नाही, ते थोडे करून लवकर संपवावयाचे असते. रक्तदाब असलेल्यांनी लोणचे कमी खावे. बरणीतले मीठ कमी करू नये.

या संदर्भात कोकमाचे उदाहरण बोलके आहे. फळ पिकते एप्रिल-मेमध्ये, पण उशिरा पिकणारी फळे नेमकी वळवाच्या व मृगाच्या पावसात सापडतात. आमसुलांसाठी सालींना रसाची पुटे देऊन पुन्हा पुन्हा वाळवावे लागते आणि त्याला ऊन हवे. ऊन नसेल, तेव्हा आगळ हा उत्तम मार्ग होय. फोडलेल्या फळांत वजनाच्या १५ ते २० टक्के मीठ थराथराने घालून आठवडाभर रोज ढवळले व सुटलेला रस गाळून स्वच्छ बाटल्यांत भरला, की अग्नी आणि ऊन या दोहोंवाचून तो टिकतो. दापोली येथील कोकण कृषि विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातीस’ या कोकमाच्या जाती दिल्या आहेत. झाडाखाली सडून जाणाऱ्या फळांचा प्रश्न मात्र जातींनी नव्हे, बरण्यांनीच सुटणार आहे.

आंब्याच्या रसाची गोष्ट वेगळी. अन्न बाटलीत भरून, तोंड बंद करून उकळत्या पाण्यात ठेवल्यास ते टिकते, हे फ्रान्सच्या निकोला अपेर याने १८१० मध्ये प्रसिद्ध केले. ते का टिकते, याचा उलगडा पाश्चरच्या संशोधनानंतर झाला. या रीतीने हापूसचा रस घरीही टिकविता येतो. रस गाळून किलोमागे ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळावे, ढवळत ८५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावा आणि उकळून निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत गरम असतानाच, वर थोडी जागा ठेवून, भरावा. बाटल्यांना नवी झाकणे लावावीत. एकदा वापरलेले बूच किंवा रबरी चकती पुन्हा वापरण्याचा मोह धरू नये, कारण सारी मेहनत त्या चार आण्यांच्या वस्तूवर अवलंबून असते. पातेल्याच्या तळाशी जाड फडके घालून बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवाव्यात व पाणी उकळू लागल्यापासून ३० मिनिटे ठेवाव्यात. त्या गार फरशीवर ठेवू नयेत, तडकतात. सरबतांसाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किलोमागे अर्धा ग्रॅम, तेही मोजूनच वापरावे. कोकम व जांभूळ यांचा रंग त्याने उडतो, म्हणून त्यांत सोडियम बेंझोएट घालतात.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. आंब्याला लागू पडणारी ही रीत मटार, फरसबी, मक्याचे दाणे, मासे वा मटण यांना लागू पडत नाही. बोटुलिनम या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात आणि हवाबंद, बिनआंबट पदार्थांत वाढून जगातील अत्यंत जहाल विषांपैकी एक विष तयार करतात. सामू ४.६ च्या खाली, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर त्यांची वाढ होत नाही. बिनआंबट पदार्थांसाठी दाबाखाली १२१ अंश उष्णता ठरावीक वेळ द्यावी लागते आणि हे काम कारखान्याच्या यंत्रांचे आहे. घरच्या प्रेशर कुकरमध्ये अंदाजाने शिट्ट्या मोजून ते करू नये. या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून फळीवर ठेवणे हेही याच कारणास्तव धोक्याचे आहे. फुगलेला डबा किंवा उघडताच फसफसणारी बाटली चाखून पाहू नये. भाज्या वाळवाव्यात, सांडगे घालावेत. पूर्वजांनी तोच मार्ग निवडला होता.

पुराची पेटी

वर्षाची आगोट आणि पुराच्या आठवड्याची तरतूद या दोन वेगळ्या बाबी आहेत. पाच माणसांच्या कुटुंबास सात दिवसांसाठी सुमारे १२ किलो तांदूळ वा पीठ, अडीच ते तीन किलो डाळ, किलोभर तेल आणि अर्धा किलो मीठ लागते. परंतु चूल पेटेलच असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पहिल्या तीन दिवसांसाठी न शिजविता खाता येईल असे पोहे, चुरमुरे, डाळे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, खजूर व तान्ह्याहून मोठ्या मुलांसाठी सातूचे पीठ एकत्र बांधून ठेवावे. तान्ह्या मुलांना आईचे दूध चालूच ठेवावे. पिण्यासाठी माणशी रोज तीन लिटर धरले, तर तीन दिवसांस ४५ लिटर पाणी झाकून ठेवावे लागेल. पुरानंतर पोटाचे विकार हटकून येतात. लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी जुलाब झालेल्या मुलाचे प्राण वाचविते, म्हणून साखर आणि मीठ याच पेटीत असावे.

ही पेटी माजघरात नव्हे, माळ्यावर हवी. चिपळुणात सखल भागातील तळमजलेच बुडाले. फडताळाच्या वरच्या फळीवरचा साठाही तेथे सुरक्षित राहिला नसता. बैठ्या घरात राहणाऱ्यांनी पेटी उचलून नेण्याजोगी ठेवावी आणि पाणी वाढण्याचा इशारा मिळताच ती शेजारच्या माडीवर हलवावी. पुराचे पाणी लागलेले पोती-पिशव्यांतील धान्य, तसेच फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांतील लोणची व मुरंबे धुऊन वापरता येत नाहीत. ते पाणी सांडपाणी आणि मेलेली जनावरे यांवरून आलेले असते. चेप न पडलेले, न गंजलेले कारखान्याचे बंद डबे मात्र वेष्टन काढून, साबणाने धुऊन व क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वापरता येतात. त्यांवर आतला जिन्नस व तारीख खिळ्याने कोरलेली असल्यास वेष्टन गेल्यावर पंचाईत होत नाही.

पूर आला नाही, तर गणपतीला पेटी उघडावी. पोहे, गूळ आणि डाळे सणाच्या कामी येतात, तांदूळ रोजच्या वापरात मिसळतो. रिकामी पेटी उन्हात टाकून कोरडी करावी व झाकणाच्या आत भरल्याची तारीख खडूने लिहून पुढच्या वैशाखात, आगोटीच्या वेळी, नव्याने भरावी.