खडबडीत भिंतींचा गिलावा : पालघर परिसरासाठी काही विचार

पालघर, बोईसर व तारापूर या किनारी पट्ट्यात पावसाळा सरला की घरे, शाळा आणि समाजमंदिरे यांच्या डागडुजीची कामे निघतात. खडबडीत झालेली भिंत वा छत गिलावा करून सारखे करणे हे त्यांतील नेहमीचे काम होय. ते वरवरचे समजून उरकले जाते. वस्तुतः नवा गिलावा खालच्या थराला धरून उभा असतो. तो थर दुबळा असल्यास केलेला खर्च वाया जातो; छताच्या बाबतीत तर माणसांच्या जिवावरही बेतू शकते.

कुडाच्या भिंतीची शिकवण

वारली घरांच्या पारंपरिक भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या असतात. काठ्यांचा खडबडीतपणा शेणमातीला पकड देतो. मातीत तूस वा बारीक पेंढा मिसळला म्हणजे सुकताना तडे कमी जातात. अशाच सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. गंजाड येथील जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी जगापुढे नेलेल्या कलेचे मूळ या लेपावरच आहे.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह मात्र टाळावा. सिमेंटचा थर ताठ असतो, तर खालची माती ओलीनुसार फुगते व आक्रसते. दोहोंचा मेळ बसत नाही. आत ओल कोंडते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. मातीला मातीचाच लेप योग्य.

वीट-सिमेंटच्या भिंती

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहतही उभी राहिली आणि बोईसर परिसरात पक्क्या इमारतींची संख्या वाढत गेली. येथील हवा खारी असल्याने भिंतींना लोणा लागतो. लोण्यावर थेट गिलावा केल्यास तो लवकरच पोपड्यांनी गळतो. म्हणून प्रथम गळती व ओलीचे मूळ शोधून ते बंद करावे. खाडीची रेती क्षारयुक्त असते. ती गोड्या पाण्याने स्वच्छ धुतल्याशिवाय वापरू नये.

कामाचा क्रम

जुन्या भिंतीवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. जेथे पोकळ आवाज येईल तेथील गिलावा विटेपर्यंत काढावा. तैलरंग, डिस्टेंपर किंवा दाणेदार रंगलेप खरवडून टाकावा, कारण रंगावर सिमेंट धरत नाही. विटांचे सांधे सुमारे १० मिलिमीटर खोल कोरावेत. काँक्रीटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर छिन्नीने टोचे मारावेत. नंतर धूळ झाडून भिंत भिजवावी.

भिंतीच्या सपाट बाजूस १२ व खडबडीत बाजूस १५ मिलिमीटर जाडी पुरेशी होते. आतील कामास एक भाग सिमेंट व सहा भाग रेती हे प्रमाण चालते. याहून जाड थर हवा असल्यास तो दोन हातांत द्यावा आणि पहिल्या हातावर ओला असतानाच रेघा ओढाव्यात. काम पुरे झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस पाणी मारावे. उंचसखलपणा दोन-तीन मिलिमीटरचाच असेल, तर गिलाव्याऐवजी पुट्टीचे दोन हात स्वस्त पडतात. जिप्समचा गिलावा ओलसर भिंतीवर वापरू नये.

छताची विशेष काळजी

छताचा गिलावा ६ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. तेवढ्या थराचेही वजन दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो भरते. जुन्यावर नवा थर चढवून जाडी २० मिलिमीटर झाली, तर ते ४० किलोंवर जाते. छतावर तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत चीर दिसल्यास आतील सळई गंजत आहे असे समजावे. गंजलेले लोखंड फुगून काँक्रीट ढकलते. अशी चीर गिलाव्याने झाकणे म्हणजे धोका लपविणे होय. तेथे अभियंत्याकडून तपासणी झाल्याखेरीज गवंड्यास कामाला लावू नये.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा धक्क्यात सैल गिलावा प्रथम कोसळतो, आणि वर्गात त्याखाली मुले बसलेली असतात.

जबाबदारी

दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर करताना ‘जुना सैल गिलावा काढणे’ व ‘पाणी मारणे’ या बाबी त्यात आहेत की नाहीत, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर वर्गखोल्यांची छते पाहून शिक्षकांनी चिरांची नोंद ठेवावी आणि ती लेखी कळवावी. भिंत गुळगुळीत दिसावी ही इच्छा रास्तच आहे. पण ती आधी भक्कम असावी, हा आग्रह सर्वांनी धरला पाहिजे.