पीएफ काढू नका, पुढे न्या

प्रश्न : बालाघाटजवळच्या खाणीत नोकरीला पावणेपाच वर्षे झाली. नागपुरात जास्त पगाराची नोकरी मिळतेय. राजीनामा दिला की पीएफ काढावाच लागतो ना?
– एक वाचक, बालाघाट

उत्तर : मुळीच नाही, काळजी सोडा. यूएएन तोच राहतो. जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग करून घ्या. पाच वर्षांच्या आत काढलीत तर कर लागू शकतो. पेन्शनचा भागही काढलात, तर त्यासाठी लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते.

शक्य असेल तर तीन महिने थांबाच. पाच वर्षे भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये असतील, तर सुमारे ५७,६९२ रुपये होतात. नागपुरातली अनामत आणि सुरुवातीचे भाडे त्यातून निघेल. नेमणूकपत्र हाती येईपर्यंत मात्र राजीनामा देऊ नका.